शेत लहान, म्हणून शेतकरी गरीब?

‘युरोपातला शेतकरी शंभर एकरांचा, म्हणून श्रीमंत. आपला दोन एकरांचा, म्हणून कंगाल. तेव्हा तुकडे विका, नाहीतर मोठ्याला कसायला द्या.’ रहिमतपूर परिसरात शेतकरी मेळाव्यापासून पारावरच्या गप्पांपर्यंत आम्ही हे ऐकतो. सांगणाऱ्याचं शेत सहसा मोठं असतं आणि विकायचा तुकडा सहसा बौद्धवाड्यातल्या माणसाचा असतो.

आधी युरोपच बघू. युरोपीय संघात सरासरीने सर्वांत मोठी शेतं चेकियात आहेत, शंभर हेक्टरांच्या वर. नेदरलँड्सची सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तरी हेक्टरी उत्पन्नात डच शेतकरी कितीतरी पुढे आहे. त्याच्या मागे हरितगृहं आहेत, संशोधन आहे, शेतकऱ्यांनीच उभारलेल्या सहकारी पतपेढ्यांची परंपरा आहे. कुणी म्हणेल, मग रोमानियाचं काय? तिथे सरासरी शेत चार-पाच हेक्टरांचं आहे आणि शेतकरी गरीब आहे. बरोबर. पण तिथे शेतीबाहेर पुरेसं काम नाही आणि शेतीत घालायला भांडवल नाही. श्रीमंत देशांत आधी कारखाने आले, त्यांनी माणसं शेतातून बाहेर ओढली, मग उरलेल्यांची शेतं वाढली. आमचे सल्लागार हा क्रमच उलटा सांगतात.

बाबासाहेबांनी हे १९१८ सालीच मांडलं होतं. भारतातील लहान धारणक्षेत्रांवरचा त्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त छापून आला तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचा मुद्दा असा की, शेत लहान की मोठं हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्या जमिनीला श्रम आणि भांडवल किती मिळतं, यावर ते ठरतं. बैल आणि अवजारांच्या मानाने आपली शेतं उलट मोठीच आहेत, असं त्यांनी लिहिलं. जमिनीवर बसून राहिलेल्या रिकाम्या हातांना उद्योगांत काम द्या, हा त्यांचा उपाय होता. पुढे १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात तुकडे जोडण्याचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी विरोध केला. त्याने भूमिहीन वाढतील, त्यापेक्षा मालकी कायम ठेवून एकत्र कसा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता आपल्या सातबाऱ्याकडे या. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेलं. आकारणीच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीने. परवानगीशिवाय हस्तांतर नाही. पिढ्या उलटल्या, एकेका उताऱ्यावर वारसांची रांग लागली. खातेफोड होत नाही आणि कर्जाला गेलं की कागद परत येतो. विहीर नाही, मोटार नाही. शेजारी, पाणी पोचलेल्या अर्ध्या एकरात कुणी आलं लावून पैसा करतो. माण-खटावच्या माळावर पाच एकरवाला पावसाकडे बघत बसतो. यात आकार कुठे आडवा आला?

(आणि हो, तुकडा विकून आलेला पैसा लग्नात आणि आजारपणात जातो, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असतं.)

आमचं मागणं साधं आहे. वतनाच्या जमिनींची वारसनोंद आणि खातेफोड गावात शिबिर लावून, फी न घेता करा. वर्ग २ चा शेरा असला तरी पीककर्ज नाकारू नका. चार-सहा खातेदारांनी मिळून विहीर मागितली तर सामाईक मंजुरी द्या. आणि तालुक्यात बारमाही काम देणारा उद्योग आणा. तो आल्याशिवाय ‘शेती सोडा’ म्हणणाऱ्याने एवढं सांगावं, सोडून जायचं कुठे? पुण्याच्या बांधकामावर?