यंत्र बिघडले की हुकूम चुकला?



घरात नवी वस्तू आली आणि त्याच सुमारास जुनी वस्तू चालेनाशी झाली, म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा उभा राहतो. बहुधा त्याचे उत्तर शोधण्यापूर्वीच ठरलेले असते. नवी वस्तू आपण हौसेने आणलेली, म्हणून ती निर्दोष. जुनी वस्तू मुळातच जुनी, म्हणून ती दोषी. आणि जुन्या वस्तूला शेवटचा हात लावणारा कारागीर तर सर्वांहून दोषी! या घाईने पैसा वाया जातो हे खरेच. परंतु कधी कधी तिच्यापायी न्यायही वाया जातो. म्हणून आज या सदरात एका यंत्राविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मंचेरियल येथील एका मराठी कुटुंबाची कन्या व जावई अमेरिकेच्या उत्तर भागात राहतात. कन्येच्या बाळंतपणासाठी तिची आई तिकडे गेली होती. त्या घराला ऊब देणाऱ्या हीट पंपाची तपासणी सप्टेंबरात एका कारागिराने केली आणि त्याच्या मजुरीचा काही भाग द्यावयाचा राहिला. नोव्हेंबरात जावयाने भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट काढून मोबाइलवरून चालणारा नवा थर्मोस्टॅट स्वतः बसविला. पुढे थंडीची पहिली कडक रात्र आली. ऊब मागितली की यंत्र गार वारा सोडू लागले! घरात पंधरा दिवसांचे बाळ, आणि गोदावरीकाठच्या उन्हात वाढलेली आजी. कारागिराने यंत्र बिघडविले असा निष्कर्ष निघाला आणि त्याचे राहिलेले पैसे रोखण्याचे ठरले. ही वार्ता दूरध्वनीने येथे पोहोचली, तेव्हा कन्येचे वडील आमच्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, "फादर, मुलीला काय सांगू? पैसे द्यावेत की रोखावेत?"

हा प्रश्न नीतीचा आहे. परंतु यंत्र समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

हीट पंप म्हणजे उष्णता वाहून नेणारा पंप. विहिरीचा पंप पाणी निर्माण करीत नाही, खालचे पाणी वर आणतो. तसाच हा पंप उष्णता निर्माण न करता एका जागेची उष्णता दुसऱ्या जागी नेतो. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी हवेत काही उष्णता शिल्लक असतेच, आणि तीच हे यंत्र घरात ओढून आणते. ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ साली मांडली होती. आपल्याकडील वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण ए.सी. म्हणतो, तेही त्याच जातीचे. ते खोलीतील उष्णता बाहेर फेकते, म्हणून बाहेरच्या पेटीसमोर उभे राहिले की अंगावर गरम झोत येतो. थंड देशांतील यंत्रात वायूचा मार्ग उलटविणारी एक झडप अधिक असते. तिच्या योगाने तेच यंत्र उन्हाळ्यात घर गार करते व हिवाळ्यात उबदार ठेवते.

या झडपेला हुकूम देण्याचे काम थर्मोस्टॅटकडे असते. अमेरिकेतील घरांत तो बारीक तारांनी यंत्राशी जोडलेला असतो आणि त्या तारांतून बहुधा २४ व्होल्टचा सौम्य विद्युत्प्रवाह वाहतो. प्रत्येक तारेला इंग्रजी अक्षराचे नाव आहे. 'आर' वीज आणते, 'सी' ती परत नेते, 'वाय' कॉम्प्रेसर चालविते, 'जी' पंखा चालविते. झडपेच्या तारेला मात्र दोन नावे आहेत, 'ओ' आणि 'बी', आणि सगळी गोम येथेच आहे. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत या तारेत वीज आली की झडप 'गार कर' असे समजते. ती पद्धत 'ओ'. काही कंपन्यांच्या यंत्रांत त्याच विजेचा अर्थ 'गरम कर' असा होतो. ती पद्धत 'बी'. नवा थर्मोस्टॅट बहुधा 'ओ' पद्धत गृहीत धरून येतो. घरचे यंत्र 'बी' पद्धतीचे असेल, तर ऊब मागावी आणि गारवा मिळावा, हे ठरलेलेच.

आमच्या कोळशाच्या पट्ट्यातील वाचकांना हे सहज समजेल. खाणीच्या उभ्या विहिरीतून पाळणा वरखाली करताना खालून घंटेचे ठोके दिले जातात आणि वर बसलेला इंजिनचालक त्याप्रमाणे इंजिन फिरवितो. घंटा चांगली आहे, दोर मजबूत आहे, इंजिनही धडधाकट आहे. परंतु ठोक्यांचा अर्थ खालच्या माणसाने एक धरला आणि वरच्याने दुसरा, तर काय अनर्थ होईल! तेथे बिघाड कोणत्याही वस्तूत नसून संकेतात आहे. बाबेलच्या बुरुजाचे काम विटा निकृष्ट होत्या म्हणून थांबले नव्हते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

तेव्हा अशा प्रसंगी कोणत्या क्रमाने तपासावे, ते आम्ही जाणकारांना विचारून येथे देत आहोत. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना वाचकांनी ते अवश्य कळवावे.

पहिली गोष्ट, भिंतीवरच्या तारांना हात लावण्यापूर्वी यंत्राची वीज मुख्य ठिकाणी बंद करावी. 'आर' आणि 'सी' या तारा एकमेकींना चुकून टेकल्या तर यंत्रातील लहानसा फ्यूज उडतो, आणि मग थर्मोस्टॅटचा पडदा अंधारलेलाच राहतो. भिंतीतून बारीक तारांऐवजी जाड तारा निघाल्या, तर तेथे घरच्या विजेचा पूर्ण दाब असण्याचा संभव असतो. तेथे घरच्या माणसाने थांबावे व जाणत्याला बोलवावे.

दुसरी गोष्ट, तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नये. बसविणाऱ्याने हाताशी असलेली कोणत्याही रंगाची तार वापरलेली असू शकते. तार दोन्ही टोकांना कोणत्या अक्षराखाली अडकविली आहे, ते पाहावे. जुना थर्मोस्टॅट काढण्यापूर्वी त्याच्या जोडणीचे छायाचित्र घेऊन ठेवले असेल तर अर्धे काम झालेच म्हणून समजावे.

तिसरी गोष्ट, नव्या थर्मोस्टॅटला 'या घरी हीट पंप आहे' असे सांगितले आहे काय, ते पाहावे. घरात साधी भट्टी आहे असे त्याला सांगितले गेले असेल, तर त्याचे सारेच हुकूम चुकतात.

चौथी गोष्ट म्हणजे वर सांगितलेले 'ओ' आणि 'बी'. मागितले त्याच्या नेमके उलटे मिळत असेल, तर प्रथम हीच नोंद बदलून पाहावी. त्यानंतर सुमारे पाच मिनिटे धीर धरावा. कारण कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी तो पुन्हा सुरू होण्यास मुद्दाम विलंब ठेवलेला असतो. अधीर मनुष्य तेवढ्यात चार वेळा नोंदी बदलतो आणि शेवटी कशाने काय झाले, हे त्यालाच उमगत नाही.

पाचवी गोष्ट, थर्मोस्टॅट मध्येच बंद पडत असेल तर 'सी' तार जोडली आहे काय, ते पाहावे. पुष्कळ जुन्या थर्मोस्टॅटांना तिची गरज नव्हती. नव्यांपैकी बहुतेकांना ती लागते.

याशिवाय काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. हीट पंपाचा वारा भट्टीच्या वाऱ्याइतका कढत नसतो. तो कोमट असतो आणि अधिक वेळ वाहतो. बाहेरच्या पेटीवर हिम साचले की यंत्र ते वितळविण्यासाठी काही मिनिटे उलटे चालते, तेव्हा पेटीतून वाफ निघते. ती धूर समजून कोणी घाबरू नये. आणखी एक सूचना खर्चाची. या यंत्रासोबत बहुधा विजेची एक साहाय्यक शेगडी असते. एक भाग विजेत ती एकच भाग उष्णता देते. हीट पंप मात्र बेताच्या थंडीत एका भागात दोन-तीन भाग उष्णता आणून देतो. काटकसर म्हणून रात्री तापमान फार उतरविले आणि पहाटे एकदम चढविले, तर ती शेगडी पेटते व सारी बचत बिलात बुडते.

आता त्या घरी काय झाले, ते सांगतो. वडिलांनी हा क्रम कन्येला कळविला. चौथ्या पायरीवर दोष सापडला. त्यांचे यंत्र 'बी' पद्धतीचे होते आणि नवा थर्मोस्टॅट 'ओ' पद्धतीने बोलत होता. एक नोंद बदलली आणि काही मिनिटांत ऊब आली. कारागिराच्या कामात कसलेही न्यून नव्हते. त्याचे पैसे त्याच दिवशी पोहोचविण्यात आले, आणि विलंबाबद्दल जावयाने त्याची क्षमाही मागितली, असे आम्हाला समजले.

येथे मंचेरियलमध्ये हिवाळ्यातील उबेचा प्रश्न नाही. आपला प्रश्न उन्हाळ्याचा आहे. २०१५ च्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील बहुसंख्य तेलंगण व आंध्र प्रदेश या दोन राज्यांतील होती. म्हणून म्हाताऱ्याच्या किंवा आजाऱ्याच्या खोलीतील ए.सी. ही येथे केवळ चैनीची वस्तू उरलेली नाही. त्या ए.सी.साठीही आता मोबाइलवरून चालणारी लहान नियंत्रक उपकरणे मिळतात. त्यांतील पुष्कळशी उपकरणे रिमोटप्रमाणे अदृश्य किरणांनी हुकूम सोडतात, पण तो पोहोचला की नाही हे त्यांना कळत नाही. मध्ये पडदा किंवा कपाट आले, अथवा यंत्राचा सांकेतिक क्रमांक चुकीचा निवडला गेला, तर मोबाइलवर '२४ अंश' झळकत राहते आणि खोलीत आजी घामाने निथळत असते! अशा वेळी प्रथम मूळ रिमोट हाती घेऊन पाहावे. त्याने ए.सी. नीट चालला तर यंत्र निर्दोष आहे. नाही चालला तर जाळी धुळीने भरली आहे काय आणि विजेचा दाब पुरेसा आहे काय, ते पाहावे. मगच मिस्त्रीला बोलवावे, आणि तो आल्यावर नवे उपकरण बसविल्याचे त्याच्यापासून लपवू नये.

संत थॉमस अक्विनास यांनी विवेक या सद्गुणाची तीन कार्ये सांगितली आहेत: आधी विचारविनिमय, मग निर्णय, आणि शेवटी आज्ञा. आपण बहुधा आज्ञेपासून आरंभ करतो. पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याला दोषी मानणे हा आठव्या आज्ञेचा भंग आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपण लहानपणी शिकतो. पण तो शेजारी हातात पाना घेऊन दारी आलेला कारागीरही असतो, याचा आपल्याला विसर पडतो. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असे मोशेचे नियमशास्त्र सांगते, आणि अडकविलेली मजुरी स्वर्गाकडे आक्रोश करते असा इशारा संत याकोबाने दिला आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकात तोच इशारा मालकवर्गाला दिला. परंतु मालक म्हणजे केवळ गिरणीचा किंवा खाणीचा धनी नव्हे. ज्या दिवशी आपण कोणाकडून काम करून घेतो, त्या दिवशी आपणही मालकच असतो.

कारागिराची चूक सिद्ध झाली, तर ती त्याला स्पष्टपणे दाखवावी व दुरुस्त करून घ्यावी. त्यात अन्याय नाही. परंतु सिद्ध होण्यापूर्वी त्याचे पैसे रोखणे म्हणजे त्याच्या घरची चूल आपल्या संशयावर विझविणे होय. या आठवड्यात ज्यांच्याकडे कोणा मिस्त्रीची, प्लंबरची वा सुताराची बाकी राहिली असेल, त्यांनी ती रविवारच्या मिस्सापूर्वी चुकती करावी, एवढीच आमची विनंती.