देवळातल्या घंटेचं माहेर

भीमाशंकरला जाऊन आलेल्या कुणालाही तिथल्या भल्यामोठ्या घंटेबद्दल विचारा. "चिमाजीअप्पांनी वसईहून आणली," हे उत्तर ठरलेलं. उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते अर्धंच. घंटा कुणी जिंकली ते आपण अभिमानाने सांगतो. ती आधी कुठे आणि कशासाठी टांगलेली होती, हे मात्र विचारतच नाही.

आधी थोडा भूगोल. आमच्या कशेळीच्या पुलाखालून वाहणारी खाडी घोडबंदरला वळसा घालून वसईला समुद्राला मिळते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं या पाण्यावर त्यांचा अंमल राहिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला.

त्या किल्ल्यात अनेक चर्च होती. त्यातलं सेंट जोसेफ हे गावाचं मुख्य चर्च, म्हणजे 'पॅरिश चर्च'. मूळ बांधकाम १५४६ चं, दारावरच्या शिलालेखात १६०१ साल. आज छप्पर नाही, पण मनोरा उभा आहे आणि त्यात अरुंद गोल जिना आहे. हा मनोरा काही शोभेसाठी बांधलेला नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधलं खेड्यातलं चर्च घ्या नाहीतर वसईतलं, ढोबळ आराखडा ओळखीचाच दिसतो: एका टोकाला वेदी, लोकांसाठी लांबट दालन, बाप्तिस्म्यासाठी दगडी कुंड आणि उंचावर घंटा.

या घंटेचं काम आपल्या देवळातल्या घंटेपेक्षा वेगळं. देवळात आपण स्वतः घंटा वाजवतो आणि देवाला सांगतो, मी आलोय. चर्चची घंटा दुसराच कुणीतरी दोर ओढून वाजवतो आणि ती गावाला सांगते: प्रार्थनेला चला, कुणीतरी गेलं, संध्याकाळ झाली. एक निरोप देवाला, दुसरा माणसांना. आमच्या धंद्यातल्या भाषेत, एक लॉग-इन आणि दुसरी ब्रॉडकास्ट! म्हणून तर ती एवढी मोठी आणि एवढी उंच.

आता गंमत बघा. ही ब्रॉडकास्टवाली घंटा देवळात आली आणि गाभाऱ्यासमोरच्या नेहमीच्या जागी टांगण्यासारखी नव्हती. मग नाशकात नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी तटावर तिला जागा मिळाली. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर तिच्यासाठी वेगळी दगडी घुमटी आहे. भीमाशंकरला ती देवळाबाहेर टांगलेली आहे. म्हणजे एका चर्चच्या सामानाने मराठी देवळांच्या रचनेत भर घातली. हे मला लढाईइतकंच मोठं वाटतं.

शिवाय या घंटांवर साल आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ (आणि मेरी व बाळ येशू), नाशिकच्या घंटेवर १७२१, भीमाशंकरच्या १७२९. वसई पडली तेव्हा ही शेवटची घंटा जेमतेम दहा वर्षांची होती! एवढा चोख मेटाडेटा आपल्या किती वस्तूंवर असतो?

विजयाची खूण म्हणून घंटा आणल्या, हे मान्यच. पण घंटेचा धातू म्हणजे कांसं, आणि कांसं वितळवलं की तोफ ओतता येते. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ पासून मठ बंद केले, तेव्हा तिथल्या कित्येक घंटा वितळल्या. आपल्याकडे या घंटा देवापुढे टांगल्या गेल्या, म्हणून शाबूत राहिल्या. यात जिंकल्याचा डौल आहे, तशी वस्तूची कदरही आहे. दोन्ही सांगायला काय हरकत आहे?

हरकत अशी की "कशाला क्रूसाचा विषय काढता, उगाच वाद होतील." मला हे पटत नाही. आकृती घंटेवर ओतलेलीच आहे, डोळे असलेल्या प्रत्येकाला दिसते. आपण गप्प बसलो की तिथे अफवा बसते. आणि वसईचे ख्रिस्ती म्हणजे कुणी परके नव्हेत. त्यांच्यातल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. घंटेची पूर्ण गोष्ट मराठीतच सांगायची आहे, मराठी माणसांनाच.

तर मागणी साधी आहे. प्रत्येक घंटेवरच्या अक्षरांचे ठसे घ्या, त्यांचा मराठी अर्थ लिहा, आणि ती अक्षरं बुजतील असा ऑईलपेंट कृपया लावू नका. घंटेशेजारी चार ओळींचा फलक लावा. आणि तसाच एक वसईला, त्या रिकाम्या मनोऱ्याखाली: या किल्ल्यातल्या घंटा आज कुठे कुठे वाजतात ते सांगणारा.

खर्च एका वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढा. आणि फ्लेक्सची आपल्याकडे टंचाई आहे असं तरी कुणी म्हणणार नाही!