हजच्या जुन्या वाटेवर

यंदा हजच्या कुर्‍यात आमचे नाव निघाले नाही. नातेवाइकांचे फोन आले. "अल्लाहची मर्जी, पुढच्या वर्षी निघेल," असे सगळेच म्हणाले. आम्हीही तेच म्हणत होतो. पण सामानाची यादी लिहून ठेवलेली वही कपाट उघडले की समोर यायची आणि मन खट्टू व्हायचे. शेवटी मुलीनेच सुचवले, "अम्मी-अब्बा, चार दिवस गाडी काढा आणि कोकण किनाऱ्याने फिरून या." हजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, एवढी एकच अट घालून आम्ही दोघे निघालो.

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीने मांडव्याला उतरलो आणि अलिबागवरून चौलला गेलो. आज चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळे आणि झाडोऱ्यात उभा असलेला जुना हमामखाना. पण हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला होता. तेव्हा या बंदराला तो सैमूर म्हणतो. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी आणि इथेच जन्मलेली त्यांची मुले-बाळे. राजा हिंदू होता आणि मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्याने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. दिल्लीत सुलतान येण्याच्या तीनशे वर्षे आधीची ही गोष्ट. आम्ही मुलांना इतिहास सांगताना सुरुवात नेहमी तलवारीपासून करत आलो. खरे तर आपल्या किनाऱ्यावर सुरुवात तराजूपासून झाली होती.

तलवार नंतर आली, तीही समुद्रातून. 1508 साली याच चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगिजांना हरवले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड बापाने कुठे घेतला, ते पुढे दाभोळला समजणार होते. पलीकडे रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी आणि कोर्लईचा किल्ला पाहून आम्ही मुरुड गाठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, त्याचाच हा जंजिरा. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. आत गोड्या पाण्याचे तलाव, पडक्या इमारती आणि कलालबांगडी तोफ. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध गोडे, हे पाहून तोंडातून 'सुब्हानल्लाह' निघालेच.

परतताना होडीत एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारले, "बाबा, हे सिद्दी आपले की शत्रूचे?" वडिलांनी आमच्याकडे पाहिले आणि ते थोडे अवघडले. आम्ही म्हटले, "बेटा, सिद्दी हे आफ्रिकेतून आलेले दर्यावर्दी. ते कधी विजापूरच्या, कधी दिल्लीच्या चाकरीत होते. शिवाजी महाराजांशी त्यांची लढाई होती, म्हणून महाराजांनी समोर तो पद्मदुर्ग बांधला. पण महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. आणि पुढे पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ मूळचे इथल्याच श्रीवर्धनचे, सिद्दीच्या मुलखातले देशमुख." मुलगा विचारात पडला. वडील हसून म्हणाले, "काका, हे आमच्या पुस्तकात एवढं नव्हतं." आमच्याही नव्हते. आम्ही ते साठीनंतर वाचले.

राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे घुमटदार मकबरे आहेत. 1689 मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घालणारा सिद्दी याकूतखान इथेच आहे. ज्याच्या नावाने मुंबई हादरली, त्याच्या कबरीजवळ त्या दुपारी आम्ही दोघेच होतो. भिंतींवर कोणीकोणी आपली नावे कोरून ठेवली होती. त्यातली काही नावे आपल्याच मुलांची होती, हेही सांगितले पाहिजे. आम्ही फातिहा पढलो, पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि निघालो.

आगरदांड्याहून दिघी, पुढे श्रीवर्धन, बागमांडल्याहून वेश्वी, असे दोनदा गाडी बोटीत घालून खाड्या ओलांडल्या. हर्णैला सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला आणि संध्याकाळचा मासळीचा लिलावही.

चौथ्या दिवशी दाभोळ. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथले हे बंदर. बिदरचा मोठा मदरसा बांधणारा महमूद गावान 1453 मध्ये इराणहून आला तो इथेच उतरला. दख्खनचे हाजी इथूनच जहाजात बसत. पुढे समुद्रावर पोर्तुगिजांचा वचक बसला, तेव्हा हाजींच्या जहाजांनाही त्यांचा परवाना घ्यावा लागे. मुलाचा सूड आल्मेदाने याच गावावर घेतला. 1508 च्या डिसेंबर अखेरीस त्याने दाभोळ जाळले आणि बायका-मुलांनाही सोडले नाही. चौलच्या लढाईशी त्या बिचाऱ्यांचा काय संबंध होता?

धक्क्याजवळच विजापुरी धाटणीची जुनी मशीद आहे. लोक तिला अंडा मस्जिद म्हणतात. पायऱ्यांवर एक वयस्क गृहस्थ बसले होते. सलाम झाला, आम्ही कुठून आलो ते विचारून झाले. मग त्यांनी गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा सांगितली. विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जायला लवाजम्यासह दाभोळला आली. पण समुद्रात चाच्यांचे भय, जहाज सुटेना. तेव्हा आलिमांच्या सल्ल्याने तिने बरोबरचा पैसा खर्चून ही मशीद बांधली.

"मग ती हजला गेलीच नाही?" आम्ही विचारले.

"नाही गेली. पण बघा, तिचं नाव घेऊन तुम्ही-आम्ही आज इथं बसलोय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या कुर्‍याची गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

कथा किती खरी ते इतिहासकार जाणोत. आमचे फर्ज आमच्यावर आहेच. मशीद बांधून किंवा दान देऊन ते फिटत नाही. पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह पुन्हा अर्ज करू. पण थांबावे लागले तर रिकाम्या हाताने थांबू नये, एवढे त्या पायऱ्यांवर उमगले. हजला निघण्याआधी दावत द्यायची म्हणून आम्ही काही रक्कम वेगळी ठेवली होती. घरी आल्यावर त्यातून मोहल्ल्यातल्या दोन मुलींची वर्षाची फी भरली. दावत पुढच्या वर्षी साधी करू.

तुम्हीही जा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर निघा. मुलांना बरोबर न्या. जाण्याआधी थोडे वाचा, कारण होडीत कोणीतरी प्रश्न विचारतोच. आणि परत येताना बाटल्यांसाठी एक रिकामी पिशवी जवळ असू द्या.