हजेरीतले नाव



वीस वर्षांच्या नोकरीत मे महिन्याची सुट्टी आमच्या वाट्याला सुट्टी म्हणून कधी आलीच नाही. पेपर तपासायचे, नात्यातली लग्ने, पाहुणे, वर्षाचा मसाला. तेवढ्यात शाळा उघडते. यंदा मात्र बल्गेरियात प्लोव्दिव्ह शहरात डॉक्टरकी शिकणाऱ्या भाचीने हट्टच धरला, "खाला, तुम्ही आणि खालू दोघेही या. चार दिवस नुसते बसायचे." गुडघे दोघांचेही कुरकुरत होते. अल्लाहचे नाव घेऊन निघालो.

तिने आम्हाला वेलिन्ग्रादला नेले. रोडोपी डोंगरातले हे गरम झऱ्यांचे गाव १९४८ मध्ये तीन खेडी एकत्र करून वसले. वाटेत गाडी बदलून ७६० मिलिमीटर रुळांवरच्या छोट्या आगगाडीत बसलो. नेरळ-माथेरानची आठवण झाली. दोन्ही बाजूंना डोंगर, झाडी, आणि गाडीला कसलीच घाई नाही.

मोठ्या हॉटेलांत स्त्री-पुरुष एकाच तलावात उतरतात, ते आम्हाला जमणारे नव्हते. म्हणून भाचीने एका मुस्लिम बाईंच्या घरी सोय केली होती. "खोली तयार आहे ना?" तिने विचारले. बाईंनी मान आडवी हलवली. आम्ही मुकाट्याने बॅगा उचलल्या, तर भाची हसत सुटली. इथे आडवी मान म्हणजे 'हो' आणि वरखाली मान म्हणजे 'नाही'!

घरातच फरशीचा छोटा हौद होता, त्यात नळाने झऱ्याचे पाणी येई. दार आतून लावायचे आणि गळ्यापर्यंत बसायचे. पहिल्या दिवशी चुकल्यासारखे वाटले, कुणीतरी हाक मारील म्हणून कान दाराकडेच. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले. संध्याकाळी क्लेप्तूझाच्या तळ्याकाठी बसायचो. या झऱ्याचे पाणी मात्र थंडगार. घरी आलो की बटाटा, कांदा, चीज आणि पुदिन्याचे 'पटाटनिक', सोबत घट्ट दही.

आम्ही उर्दू शिकवणारे, त्यामुळे कानांचीही चैन झाली. दुकानाला 'द्युक्यान', बाजाराला 'पझार', पाण्याच्या सार्वजनिक नळाला 'चेश्मा', खिशाला 'जोब' म्हणजे आपले जेब! चहा तर चहाच.

तिसऱ्या रात्री तो चहा पिताना बाईंनी आमची नावे विचारली, अर्थ विचारले. मग स्वतःचे सांगितले. तुर्की त्यांना येत नाही. इथले हे मुसलमान घरीही बल्गेरियनच बोलतात. त्यांना पोमाक म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कम्युनिस्ट सरकारने पोमाकांची मुस्लिम नावे जबरदस्तीने बदलली. बाई तेव्हा शाळेत होत्या. एका सकाळी शिक्षिकेने हजेरी घेताना एक परके नाव वाचले. कुणीच 'हजर' म्हणाले नाही. शिक्षिकेने पुन्हा वाचले आणि यांच्याकडे पाहिले.

"मग?" आम्ही विचारले.

"मग हजर म्हटले. काय करणार?" भाचीने अनुवाद केला. "पण घरी आई खिडकी लावून जुन्याच नावाने हाक मारायची."

१९९०च्या कायद्याने नावे परत मिळाली. बाईंचे नाव इथे लिहीत नाही, त्या नावाला एवढा त्रास पुरे झाला.

त्या रात्री गरम पाण्याने सैल झालेल्या अंगालाही झोप येईना. आपल्या वर्गात आपण काय करतो? मुले जास्त, वेळ कमी, म्हणून आम्ही वर्षानुवर्षे नंबरानेच हजेरी घेत आलो. "सतरा?" "हजर!" कुणी आमच्यावर सक्ती केली नव्हती, केवळ सोयीसाठी. गेल्या वर्षीच्या सतरा नंबरच्या मुलाचे नाव आठवू लागलो. चेहरा आठवला, नाव आठवेना.

निघताना बाईंनी सुक्या पुदिन्याची पुडी हातात दिली. "पुन्हा याल?" आम्ही मान आडवी हलवली, त्यांच्या पद्धतीने.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्गात ५६ मुले आहेत. आता हजेरीला चार मिनिटे जास्त लागतात. गुडघ्यांना आराम पडला, अलहम्दुलिल्लाह. आणि सतरा नंबरच्या त्या मुलाला वऱ्हांड्यात गाठून त्याचे नाव विचारून घेतले.