न पाहिलेल्या मालाची बोली

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव एकदा पाहावा. ट्रॉलीतील कांदा हाती घेऊन, दाबून पाहिल्यावाचून व्यापारी बोली उच्चारीत नाही. तीच मंडळी, आणि त्यांत आम्हीही आलोच, सिनेमाची पारितोषिके जवळ आली म्हणजे ओट्यावर बसून यंदाचा सर्वोत्कृष्ट नट कोण, नटी कोण, हे छातीठोकपणे सांगतात. माल पाहिला आहे कुणी?

राष्ट्रीय पारितोषिकांची नामांकने आधी प्रसिद्धही होत नाहीत. २०१३ साली 'धग'साठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. 'अनुमती'चे विक्रम गोखले यांनी तो मान 'पानसिंग तोमर'च्या इरफान खान यांच्यासह विभागून घेतला. गोखल्यांचे नाव एकवेळ कुणाच्या ओठी असेल, पण उषा जाधवांचे? २०१६ च्या मार्चमध्ये रिंकू राजगुरूच्या अभिनयाचा विशेष उल्लेख जाहीर झाला, तेव्हा 'सैराट' चित्रगृहांत लागलाही नव्हता. तो आला एप्रिलअखेरीस.

मग हे भाकीत कसले? ही तर ओळखीच्या चेहऱ्यांची हजेरी! निरुपद्रवी करमणूक आहे, असे कुणी म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. अनोळखी नटीने पडद्यावर जीव ओतावा आणि आम्ही तिचा चित्रपट न पाहताच तिला यादीतून वगळावे, हा तिच्यावर अन्याय आहे. उद्या तिचा चित्रपट तालुक्याला आला, तरी तिकीट कोण काढणार?

पैज लावायचीच, तर 'धग' पाहिलेल्याने लावावी. आमच्या ओट्यावर असा एकही निघाला नाही.