घंटागाडी गल्लीच्या तोंडाशीच का थांबते?

बकरी ईदचे तीन दिवस आपल्या मोहल्ल्यांत एक गोष्ट नीट होते. मशिदीतून सूचना दिली जाते, पोरं घरोघरी पिशव्या वाटतात, कुर्बानीतला टाकाऊ भाग बांधून थेट पालिकेच्या गाडीत जातो. संध्याकाळी रस्ता धुतला जातो. चौथ्या दिवशी मात्र कोपऱ्यावर पुन्हा पहिली पिशवी पडते, आणि आठवड्यात तिथे ढीग उभा राहतो.

या ढिगाची दोन स्पष्टीकरणं तयार असतात. आपण म्हणतो, पालिका आपल्या वस्तीकडे बघतच नाही. बाहेरचे म्हणतात, ही माणसंच अस्वच्छ. दुसरं म्हणणं सरळसरळ बदनामी आहे. ईदचे तीन दिवस ते खोटं ठरवतात. पहिलं अनेकदा खरं असतं, पण पुरतं खरं नाही.

गाडी सकाळी येते आणि गल्लीच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबते. तेव्हा कुणी कामाला गेलेलं असतं, कुणी मुलांच्या डब्यात गुंतलेलं असतं. गाडी चुकली की पिशवी रात्री कोपऱ्यावर जाते. चालकाला चारच माणसं दिसतात, म्हणून तो उद्या आणखी कमी थांबतो. हे चक्र दोन्ही बाजूंनी तोडावं लागेल.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दोघांवरही जबाबदारी टाकली. झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्यांसह प्रत्येक घरातून कचरा गोळा करणं हे पालिकेचं काम. कचरा वेगवेगळा करून देणं, तो रस्त्यावर किंवा गटारात न टाकणं, ठरलेलं शुल्क भरणं हे आपलं काम. म्हणजे दारात गाडी मागणं ही मेहेरबानीची याचना नाही. आणि 'गल्ली अरुंद आहे' हे उत्तरही पुरेसं नाही. पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात. जिथे गाडी शिरत नाही तिथे ढकलगाडी शिरते.

मग करायचं काय? आपल्या प्रभागातल्या गाडीचा मार्ग आणि वेळ माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गाडी आली नाही की त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे नोंद नसलेली चूक कुणी दुरुस्त करत नाही. पालिकेतही 'नेहमीच असं होतं' या वाक्यावर काही हलत नाही, तारखांच्या यादीवर हलतं. आणि गल्लीत पाळी लावा: ज्यांच्या घरी सकाळी कुणी नसतं, त्यांचे डबे शेजारच्यांनी गाडीपर्यंत न्यावेत.

एवढ्याने आपलं काम संपत नाही. आपला कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधीच समजेल. त्या माणसाला नावाने हाक मारा.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. लोकांच्या वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करण्यापासून पैगंबरांनी (स.) बजावलं आहे. वुजूसाठी आपण पाण्याचा थेंब कोपरापर्यंत पोहोचला का हे बघतो. मशिदीपर्यंतच्या वाटेवर आपलीच पिशवी पडली आहे का, हेही बघायला हवं.

ईदला जी पोरं पिशव्या वाटतात, त्यांना या जुम्म्यानंतर अर्धा तास थांबवा. गल्लीतल्या घरांची यादी, गाडीची वेळ आणि तक्रार कोण नोंदवणार त्याचं नाव, एवढं ठरवून मगच उठा.