विश्लेषण : वीस रुपयांचा खर्रा ‘खर्च’, मग वीस रुपयांची टिकली ‘चैन’ कशी?

तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली, ‘लाडकी बहीण’चा हप्ता खात्यात पडला किंवा मुलाचा पहिला पगार झाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या आठवडी बाजारांत गर्दी वाढते. बियाणे, फी, किराणा, उसनवारी यांचा हिशेब होतो. त्यातून स्वतःसाठी एखादी टिकली, चपलेचा बरा जोड किंवा नेलपॉलिशची बाटली घेतली की ती पिशवीत तळाशी जाते. घरी कुणी विचारले तर किंमत कमी सांगितली जाते. कमी उत्पन्नात स्वतःवर केलेला छोटा खर्च मनाला का टोचतो आणि ती टोचणी कितपत रास्त आहे, याचा हा आढावा.

चर्चा आताच का?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४पासून राज्यात लागू झाली. वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वयोगटातील पात्र महिलांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. रक्कम आली तशी तिच्यावरची टीकाही आली. ‘बायकांनी त्या पैशांत साड्या घेतल्या’, ‘पार्लरला गेल्या’ असे शेरे चावडीपासून समाजमाध्यमांपर्यंत ऐकू आले. शेतकऱ्यांनाही असा शेरा चुकला नाही. कर्जमाफीचे पैसे साखरपुडा आणि लग्नावर खर्च होतात, अशा आशयाचे विधान तत्कालीन कृषिमंत्र्यांनी एप्रिल २०२५मध्ये केले आणि टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. शहरात महिन्याला लाखभर कमावणाऱ्याने हजार रुपयांची कॉफी-केक घेतली तर त्याला कुणी हिशेब मागत नाही. कमी पैसे असणाऱ्याचा हिशेब मात्र सगळेच तपासतात. तोच तपासनीस हळूहळू त्या माणसाच्या मनातही जाऊन बसतो.

टोचणी नेमकी कशामुळे?

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या कामाचा एक भाग म्हणजे ‘मानसिक हिशेब’. पैसा सगळा सारखाच असला तरी माणूस मनात त्याचे कप्पे करतो, असे ही मांडणी सांगते. आपल्याकडे आजीच्या डब्यांमध्ये हेच चालायचे. डाळीच्या डब्यात शाळेचे पैसे, तांदळाच्या कोठीत दवाखान्याचे.

गोम अशी की, या कप्प्यांमध्ये ‘माझे’ असे लिहिलेला कप्पा बहुतेक घरांत नसतोच. त्यामुळे स्वतःसाठी काढलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी कप्प्यातून काढल्यासारखा वाटतो. टिकली घेतली तर ती मुलीच्या वहीच्या पैशांतून, आलुबोंडा खाल्ला तर तो उद्याच्या भाजीतून. रक्कम वीसची असो की दोनशेची, चोरी केल्याची भावना सारखीच. म्हणूनच टोचणीचा संबंध रकमेशी कमी आणि हक्काशी जास्त आहे.

ही भावना फक्त मजुरीवर जगणाऱ्या घरांत आहे, असेही नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन कंत्राटी नोकरीत लागलेली माझ्या पिढीतील अनेक मुले-मुली याच अवस्थेत आहेत. शिक्षणासाठी आईवडिलांनी काढलेले कर्ज अजून डोक्यावर असते. सातशे रुपयांचा हेडफोन मागवला की घरी ‘ऑफरमध्ये साडेतीनशेला मिळाला’ असे सांगितले जाते.

मग झाडीपट्टीत हौस होतच नाही का?

होते, आणि भरपूर होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूरच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगावी रात्रभर नाटके चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि गावे तिथे जाऊन नाटक ‘बुक’ करतात. याच रंगभूमीवरील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. ही रंगभूमी उभी आहे ती मुख्यतः तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांवर, म्हणजे धान कापून आलेल्या शेतकरी-मजुरांवर. मंडईला लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, घरात गोडधोड होते, मुलांना आकाशपाळण्यात बसवले जाते. त्या खर्चाबद्दल कुणी अपराधी वाटून घेत नाही.

अर्थतज्ज्ञांनाही हे इतरत्र दिसले आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याची माहिती आहे. तिथे अतिगरीब कुटुंबेही वार्षिक खर्चाच्या सुमारे दहा टक्के रक्कम सणवारांवर खर्च करत होती. पोट भरणे हीच गरिबाची एकमेव गरज, ही समजूत त्यातून खोटी ठरते.

म्हणजे हौसेला आपल्याकडे मनाई नाही. हौस चारचौघांची असेल, रीत म्हणून असेल, तर तिला मान आहे. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण तेव्हा आठवते. तीच हौस एकट्याची झाली, त्यातही घरातल्या बाईची झाली, की लगेच ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही दुसरी म्हण पुढे येते.

खर्रा हिशेबात का येत नाही?

विदर्भात पानठेल्यावर सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. राज्यात गुटख्यावर २०१२मध्ये बंदी आली, तरी खर्रा सुटला नाही. पुरुष खातात, अनेक ठिकाणी महिला आणि शाळकरी मुलेही खातात. गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’ हे अभियान याच कारणासाठी सुरू करावे लागले.

आता साधे गणित करू. खर्रा वीस रुपयांचा धरला आणि दिवसाला दोनच धरले, तर वर्षाला १४ हजार ६०० रुपये होतात. ‘लाडकी बहीण’ची वर्षाची रक्कम १८ हजार. म्हणजे तिच्या चार-पंचमांश इतके पैसे एका माणसाच्या दोन खर्ऱ्यांत जातात. दुसरीकडे, एखादीने दर आठवडी बाजारात पन्नास रुपये स्वतःवर खर्च केले, तर वर्षाचे होतात २६००.

हे केवळ आपल्याच जिल्ह्यांचे चित्र नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात पान, तंबाखू आणि मादक पदार्थांवर दरडोई खर्चाच्या सुमारे ३.८ टक्के रक्कम जात होती, तर शिक्षणावर सुमारे ३.३ टक्के. तरीही खर्ऱ्याबद्दल घरात ‘चैन’ हा शब्द वापरला जात नाही. तो रोजचा आहे, सुट्या पैशांत जातो आणि बहुतेकदा कमावत्या पुरुषाचा आहे, म्हणून तो ‘खर्च’. टिकली महिन्यातून एकदा येते, नजरेला दिसते आणि बाईची असते, म्हणून ती ‘चैन’.

या जिल्ह्यांतील महिलांना हिशेब कळत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. गडचिरोलीत १९९३मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपूरच्या दारूबंदीसाठी २०१०मध्ये महिला चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली, २०२१मध्ये ती उठवण्यात आली. बंदी यशस्वी झाली की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण मजुरीचे पैसे घरी पोहोचण्याआधी कुठे जातात, हा हिशेब या महिलांनी सरकारसमोर मांडला. स्वतःच्या वीस रुपयांचा प्रश्न आला की याच महिला गप्प होतात.

हातात पैसे आले की गरीब ते उधळतात का?

जागतिक बँकेतील डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील १९ अभ्यास एकत्र तपासले. थेट रोख मदत मिळाल्यावर दारू आणि तंबाखूवरचा खर्च लक्षणीय वाढल्याचे त्यांना आढळले नाही. गरिबाच्या हाती पैसा दिला की तो वाया जातो, या समजाला त्यात आधार मिळत नाही.

शिवाय ‘गरज’ म्हणजे काय, हेही सगळीकडे आणि सर्वकाळ सारखे नसते. ॲडम स्मिथने १७७६मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिननच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. त्याच्याशिवाय जगता येते, पण त्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही त्याच्याशिवाय चारचौघांत जायला लाज वाटे. म्हणून स्मिथच्या लेखी तो सदरा गरजेतच मोडत होता. आज मुलीला कॉलेजात जाताना धड चप्पल असणे, बाईला बचत गटाच्या बैठकीत नीटनेटके बसता येणे, याला चैन म्हणताना दोनदा विचार करायला हवा.

हे पैसे येतात कुठून?

तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात, जेमतेम काही आठवड्यांचा. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, घरी आणून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. इतकी जोखीम पत्करून मिळवलेल्या पैशातून त्या कामकरणीने पन्नास रुपये स्वतःसाठी ठेवले, तर त्याचा जाब तिला विचारण्याचा अधिकार कुणाला पोहोचतो?

घर नेमके कशाने खचते?

छोट्या हौसेने घर बुडाल्याची उदाहरणे शोधावी लागतील. आजारपणाने बुडालेली घरे शोधावी लागत नाहीत. रुग्णाला नागपूरला हलवायचे म्हटले की गाडीभाड्यापासून उसनवारी सुरू होते. धानाचे चुकारे लांबतात, रोजगार हमीची मजुरी उशिरा येते. तेंदू आणि मोहफुलाचे पैसे वर्षातून एकदाच हाती पडतात आणि बाकीचे महिने त्यावर काढायचे असतात. त्यात गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता ठरलेल्या दिवशी दारात हजर. या मोठ्या गोष्टी घरातल्या कुणाच्याच हातात नसतात. हातात असते ती फक्त टिकली. म्हणून सगळी काटकसर आणि सगळा राग तिच्यावरच निघतो. टिकली नाही घेतली म्हणून चुकारा लवकर येत नाही, एवढे तरी स्वतःला सांगायला हवे.

टोचणी योग्य केव्हा असते?

प्रत्येक टोचणी खोटी नसते. हप्ता थकलेला असताना नवा हप्ता लावून घेतलेला मोबाइल ही छोटी हौस नाही. पुढच्या महिन्याच्या मजुरीवर आजच डल्ला मारणारी खरेदी, घरच्यांपासून लपवलेले कर्ज, ऑनलाइन जुगाराचे खेळ, तिथे मन टोचत असेल तर ते ऐकावे. रोज न चुकता होणारी ‘छोटी’ खरेदीही खर्ऱ्याच्याच वाटेने जाते. ओळखायची खूण सोपी आहे. रोख पैशांत घेतले, घेतल्यावर हप्ता किंवा औषध अडले नाही आणि किंमत घरात खरी सांगता आली, तर अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

मग काय करावे?

मानसिक कप्प्यांनीच गोंधळ केला असेल, तर उपायही तिथेच आहे. घरखर्चाच्या यादीत घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक ओळ असावी. रक्कम आठवड्याला तीस रुपये असेल, पन्नास असेल, घरच्या ऐपतीप्रमाणे ठरवावी. ती सगळ्यांसमोर ठरावी आणि सगळ्यांना सारखी असावी. पुरुषाचा खर्रा त्याच्याच ओळीतून जावा. सासूची तंबाखू, मुलाचा रिचार्ज, सुनेची टिकली, सगळे एकाच रांगेत आले की चैन कुणाची आणि खर्च कुणाचा, हे आपोआप दिसते. त्या ओळीतले पैसे कशावर गेले, हे विचारायचे नाही, एवढाच नियम.

बचत गटांच्या बैठकींत बचत, कर्ज आणि परतफेड यांची नोंद काटेकोर होते. तिथे ‘स्वतःसाठी’ या ओळीवरही एकदा बोलायला हरकत नाही. लपवून घेतलेल्या वस्तूचा आनंद घरी पोहोचेपर्यंत निम्मा होतो. हिशेबात धरलेल्या वस्तूचे तसे होत नाही.

काटकसर हा या भागातील घरांचा कमावलेला गुण आहे. पण काटकसरीचा नियम घरातल्या एकाच माणसाला लागू असेल, तर त्याला काटकसर म्हणता येत नाही. येत्या आठवडी बाजाराची यादी करताना भाजी आणि तेलाच्या खाली आपले नाव लिहावे, त्यापुढे परवडेल तो आकडा टाकावा आणि त्या आकड्यात जे येईल ते पिशवीत वरच ठेवून आणावे.